पेरायचे बी आणि खायचे धान्य : ज्वारीची काणी व बीजप्रक्रिया



उत्तरा नक्षत्र लागले की आपल्या बीदर-कलबुर्गीच्या काळ्या रानात रब्बीची लगबग सुरू होते. पावसाने उघडीप दिली, जमिनीला वाफसा आला, की तिफणी बाहेर निघतात. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात लिंबाखाली मंडळी थांबतात, तेव्हा त्यांच्या तोंडी पेरणीशिवाय दुसरा विषय नसतो. त्या बोलण्यातून दोन प्रश्न आमच्याकडे दरवर्षी येतात. पहिला प्रश्न पुरुषमंडळींचा: "फादर, बी घरचेच आहे, चांगले टपोरे आहे. त्याला औषध लावायलाच पाहिजे का?" दुसरा प्रश्न आयाबायांचा, आणि तो जरा हळू आवाजात विचारला जातो: "औषध लावलेले बी उरले, ते धुऊन दळले तर चालते का?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'होय, लावा' असे आहे. दुसऱ्याचे उत्तर 'नाही, कधीही नाही' असे आहे. ही दोन्ही उत्तरे अशी का, ते या लेखात आपण सविस्तर पाहू.

काणी म्हणजे काय?

ज्वारी निसवते, कणीस भरू लागते आणि मग काही कणसांत दाण्याच्या जागी मळकट पांढऱ्या, करड्या रंगाच्या बारीक पिशव्या दिसतात. लांबून पाहिले तर दाणाच वाटतो. पण जवळून पाहिले तर तो थोडा लांबट व टोकाला निमुळता असतो. चिमटीत धरून दाबला की आतून काळी भुकटी निघते. हीच दाणे काणी. आपले कानडी शेजारी तिला 'काडिगे' म्हणतात. काडिगे म्हणजे काजळ. नाव अगदी चपखल आहे, कारण बोटाला लागलेली ती भुकटी काजळासारखीच दिसते.

ही भुकटी म्हणजे एका बुरशीचे बीजाणू. बीजाणू म्हणजे बुरशीचे बी समजा. डोळ्याला एकेकटा दिसत नाही इतका तो बारीक असतो. एका पिशवीत त्यांची गणतीच करता येत नाही. ज्या ताटाला काणी लागली त्याच्या कणसातील बहुतेक दाणे वाया जातात. कडबा हाती येतो, पण भाकरी येत नाही.

पुष्कळ शेतकऱ्यांना वाटते की काणी ही धुक्याने, आभाळ आल्याने किंवा कुणाच्या नजरेने येते. तसे नाही. रोग दिसतो पौष-माघात, पण तो लागलेला असतो पेरणीच्या आठवड्यात. त्याची वाट अशी आहे. खळ्यावर मळणी होते तेव्हा निरोगी कणसांबरोबर काणीची कणसेही मळली जातात. पिशव्या फुटतात, काळी भुकटी उडते आणि चांगल्या दाण्यांच्या अंगाला चिकटते. दाणा दिसायला स्वच्छ असतो, पण त्याच्या सालीवर शत्रू बसलेला असतो. कोरड्या जागी तो तसाच दम धरून राहतो. पुढच्या हंगामात आपण तो दाणा पेरतो. जमिनीच्या ओलीने दाण्याला कोंब फुटतो आणि त्याच ओलीने बीजाणूही जागा होतो. दाण्यातून वर निघणाऱ्या कोवळ्या कोंबात तो शिरतो आणि ताटाच्या वाढत्या शेंड्याबरोबर गुपचूप वर चढत जातो. पाने हिरवी असतात, ताट उंच होते, शेजारच्या ताटाहून वेगळे काही दिसत नाही. कणीस बाहेर पडले की मगच दाण्याऐवजी पिशव्या दिसतात.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, कणसात काणी दिसल्यावर पंप पाठीला बांधून फवारणी करणे म्हणजे चोर पळून गेल्यावर कडी लावणे होय. दुसरी, शत्रू दाण्याच्या सालीवर बसलेला असतो, म्हणून पेरणीपूर्वी तेथेच त्याला गाठले तर थोडक्या औषधात काम होते. बियाण्याला पेरणीपूर्वी औषध लावण्याच्या या कामालाच बीजप्रक्रिया म्हणतात.

हा उपाय कसा सापडला?

फ्रान्स देशात मोंतोबाँ या गावी बेनेदिक्त प्रेव्हो नावाचे एक अभ्यासू गृहस्थ होते. गव्हाची काणी ही एका सूक्ष्म जीवामुळे होते, हे त्यांनी १८०७ साली दाखवून दिले. प्रयोग करताना त्यांना आढळले की तांब्याचा संबंध आलेल्या पाण्यात काणीचे बीजाणू रुजतच नाहीत. त्यावरून मोरचुदाच्या पाण्यात बी भिजवून पेरण्याचा उपाय निघाला. मोरचूद हा तांब्याचाच क्षार आहे.

आपल्या शेजारी हाच उपाय ज्वारीसाठी आला. त्या वेळी आपला मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि सोलापूर व विजापूर हे जिल्हे मुंबई इलाख्यात होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने मोरचुदाच्या लहान पुड्या शेतकऱ्यांना विकून ज्वारीचे बी भिजवून पेरण्याचा प्रचार केला. गुण येत असे, पण अडचणही होती. पाणी जास्त तीव्र झाले किंवा बी जास्त वेळ भिजले तर उगवण कमी होई. शिवाय भिजलेले बी पुन्हा वाळवावे लागे.

पुढे १९३० च्या सुमारास पुणे येथील सरकारी वनस्पतिरोगशास्त्रज्ञ बी. एन. उप्पल व त्यांचे सहकारी एम. के. देसाई यांनी कोरड्या भुकट्यांचे प्रयोग केले. बारीक दळलेले गंधक नुसते बियाण्याला चोळले तरी दाणे काणी आटोक्यात येते, असे दिसून आले. भिजवणे नको, वाळवणे नको, उगवणीला धोका नाही आणि किंमतही थोडी. म्हणून आजही ज्वारीच्या काणीसाठी गंधकाचीच शिफारस प्रथम केली जाते.

गंधक कसे लावावे?

शिफारस अशी आहे: ३०० मेश गंधक, दर किलो बियाण्यास ४ ग्रॅम. मेश म्हणजे चाळणीची बारिकी. आकडा जितका मोठा तितकी भुकटी बारीक. भुकटी बारीक असेल तरच ती दाण्याला सर्व बाजूंनी चिकटते. म्हणून किराणा दुकानातील गंधकाचे खडे घरी कुटून वापरू नयेत. शेतीसाठी मिळणारी भुकटीच आणावी.

हिशेब सोपा आहे. रब्बी ज्वारीला एकरी साधारण ४ किलो बी लागते. चार चोक सोळा. म्हणजे एकराला १६ ग्रॅम गंधक पुरते. १०० ग्रॅमच्या पुडीत २५ किलो बियाण्याचे, म्हणजे सुमारे सहा एकरांचे काम होते. वजन अंदाजाने न करता गावातील सोनाराच्या किंवा दुकानदाराच्या लहान काट्यावर करून घ्यावे.

एक जुने मडके किंवा झाकणाचा डबा घ्यावा. त्यात बी दोन तृतीयांशापर्यंतच भरावे, म्हणजे हलवायला जागा राहते. वरून मापून गंधक टाकावे, तोंड घट्ट बांधावे आणि पाच-दहा मिनिटे खालीवर, आडवेतिडवे चांगले हलवावे. प्रत्येक दाण्यावर पिवळसर झाक दिसली की काम झाले. हे काम अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून करावे. नाकातोंडाला फडके बांधावे, कारण गंधकाची धूळ डोळ्यांना व घशाला झोंबते. जवळ विडी किंवा चूल नसावी, कारण गंधक पेट घेते. ते मडके पुन्हा पाण्याला किंवा धान्याला वापरू नये. त्याला बाहेरून गेरूचा पट्टा ओढून गोठ्याच्या आढ्याला टांगून ठेवावे.

जी मंडळी जिवाणू खतेही लावतात, त्यांनी क्रम ध्यानात ठेवावा. आधी बुरशीचे औषध, मग किडीचे औषध लावायचे असल्यास ते, आणि सर्वांत शेवटी, पेरणीच्या थोडे आधी, जिवाणू खत. जिवाणू हे सजीव असतात. त्यांच्यावर नंतर औषध टाकले तर ते मरून जातात. जिवाणू लावलेले बी सावलीत सुकवावे, उन्हात नव्हे.

दुकानातून आणलेले संकरित बियाणे बहुधा कंपनीनेच औषध लावून रंगवलेले असते. पिशवीवर तसे लिहिलेले असेल तर त्याला घरी पुन्हा औषध लावण्याची गरज नाही.

औषधाबरोबर हातानेही काम करावे. उभ्या पिकात हिंडून बियाण्यासाठी निरोगी कणसे निवडून त्यांना दोरा बांधावा आणि ती वेगळी मळावीत. काणीचे कणीस दिसले की पिशव्या फुटण्यापूर्वीच ते हळूच कापावे, पिशवीत घालावे आणि जाळून टाकावे. धुऱ्यावर फेकू नये.

औषधाने काय होत नाही?

औषध लावले म्हणजे पीक सर्व रोगांपासून सुटले, असे समजू नये. तसे समजल्यामुळेच पुढे निराशा होते आणि 'औषधात दम नाही' असे बोलले जाते.

काणी एकाच जातीची नसते. दाणे काणी बियाण्यावरून येते, म्हणून ती बीजप्रक्रियेने थांबते. लांब काणीत मात्र थोड्याच दाण्यांच्या जागी लांब शिंगासारख्या पिशव्या येतात, आणि तिचे बीजाणू ऐन फुलोऱ्यात वाऱ्याने येऊन बसतात. सगळ्या कणसाचा काळा झुबका करून टाकणारी शेंड्याची काणी मुख्यतः जमिनीतून येते. या दोघींवर बियाण्याच्या गंधकाचा भरवसा नाही. त्यांच्यासाठी रोगट कणसे काढून जाळणे आणि पिकाची फेरपालट करणे हेच उपाय. तसेच हंगामाच्या शेवटी जमिनीतली ओल तुटली की ताटे बुडाशी आतून पोकळ व काळी होऊन आडवी पडतात. त्या खडखड्या रोगालाही गंधक चालत नाही. खरिपाच्या ज्वारीची कणसे पावसात सापडून काळी पडतात, तीही वेगळी गोष्ट.

गहू व बाजरी

गव्हाच्या काजळी रोगात सगळी ओंबी काळी भुकटी होऊन जाते आणि वाऱ्याने नुसती काडी उरते. ही भुकटी शेजारच्या ओंब्यांच्या फुलात शिरते आणि बुरशी दाण्याच्या आत, कोंबाच्या जागी जाऊन बसते. म्हणजे येथे शत्रू सालीवर नसून घरात आहे. वरून गंधक चोळून तो मरत नाही. पूर्वी पंजाबात जयचंद लुथरा या शास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकात एक स्वस्त युक्ती काढली. कडक उन्हाळ्याच्या दिवसांत सकाळी चार तास बी पाण्यात भिजवायचे, म्हणजे आतील बुरशी जागी होते. आणि मग भर दुपारच्या उन्हात पातळ पसरून वाळवायचे, म्हणजे जागी झालेली बुरशी उन्हाच्या तापाने मरते. पुढे १९६६ साली कार्बोक्सिन हे औषध पुढे आले. ते दाण्याच्या आत शोषले जाते व तेथील बुरशी मारते. दर किलो बियाण्यास २ ते २.५ ग्रॅम असे त्याचे प्रमाण आहे.

बाजरीच्या केवडा किंवा गोसावी रोगात पाने पिवळी पडतात आणि कणसाच्या जागी पानांचा गुच्छ येतो. संकरित बाजरीची पहिली जात १९६५ साली आली आणि १९७० नंतरच्या काही वर्षांत याच रोगाने देशभर त्या पिकाचे फार नुकसान केले. यावर मेटॅलॅक्झिल ३५ टक्के, दर किलो बियाण्यास ६ ग्रॅम, अशी शिफारस आहे. बाजरीच्या अरगट रोगाला मात्र औषधाऐवजी मीठच पुरते. १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून त्यात बी सोडावे. अरगटाचे काळे खडे व हलके दाणे वर तरंगतात. ते काढून जाळावेत आणि तळाचे बी दोन-तीन वेळा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे.

औषधांची यादी सरकार वेळोवेळी बदलते. काही औषधे बंद होतात, काही नवी येतात. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी आपल्या होबळीच्या रयत संपर्क केंद्रात एकदा विचारावे. रायचूरच्या कृषी विद्यापीठाची बीदर व कलबुर्गी येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. तेथील तज्ज्ञ मंडळी रोगट कणीस पाहून सल्ला देतात.

आता दुसरा प्रश्न

काही वर्षांपूर्वी भालकी तालुक्यातील एका घरी आम्ही आजारी माणसाला भेटायला गेलो होतो. चहा होईपर्यंत स्वयंपाकघराच्या दाराशी बसलो असता उतरंडीच्या एका मडक्यात गुलाबी दाणे दिसले. घरच्या आजीबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "पेरून उरलेली ज्वारी आहे, फादर. तीन पाण्यांनी धुतली की रंग जातो. धान्य टाकवत नाही हो."

त्या माउलीला आम्ही दोष देत नाही. दुष्काळ पाहिलेल्या पिढीला दाणा टाकवत नाही, हे आम्ही जाणतो. शिवाय आपल्याकडे पेरायचे बी आणि खायचे धान्य ही कालपर्यंत एकच गोष्ट होती. एकाच कणगीतून मूठभर पेरणीला जाई आणि मूठभर जात्यात. राखेत ठेवलेले बी उरले तर ते झटकून खाल्ले जाई आणि कोणाला काही होत नसे. औषध आले आणि ही जुनी, चांगली सवय एकाएकी धोक्याची झाली. हे जेथे लोकांना वेळेवर समजले नाही, तेथे काय घडले ते ऐका.

तुर्कस्तानच्या आग्नेय भागात सरकारने शेतकऱ्यांना गव्हाचे बी वाटले होते. काणीसाठी त्याला हेक्झाक्लोरोबेंझीन नावाचे औषध लावलेले होते. टंचाईच्या दिवसांत गरीब कुटुंबांनी ते दळून खाल्ले. १९५५ ते १९५९ या काळात तीन हजारांहून अधिक माणसे आजारी पडली. उन्हात गेले की कातडीला फोड येत, लहान मुलांच्या चेहऱ्यावर केस उगवत. अंगावर पिणाऱ्या बाळांना आईच्या दुधातून विष गेले. त्यांच्या अंगावर गुलाबी चट्टे उठत आणि त्यातली पुष्कळ बाळे दगावली.

त्याहून मोठा अनर्थ इराकमध्ये झाला. दुष्काळानंतर १९७१ साली तेथे मेक्सिकोहून गव्हाचे बियाणे मागवले गेले. त्याला पाऱ्याचे औषध लावून लाल रंग दिलेला होता. पोत्यांवर इशारा होता, पण तो स्पॅनिश व इंग्रजी भाषेत. कवटीचे चित्र होते, पण त्या चित्राचा अर्थ खेड्यातल्या माणसाला ठाऊक नव्हता. पुष्कळ ठिकाणी पोती पोचली तोवर पेरणी उरकली होती. घरात मात्र खायला टंचाई होती. बायकांनी गहू धुतला. लाल रंग पाण्यात गेला. रंग गेला म्हणजे विषही गेले, असे त्यांना वाटले. काहींनी आधी कोंबड्यांना दाणे घालून पाहिले. कोंबड्या काही दिवस ठणठणीत राहिल्या. मग रोट्या भाजल्या गेल्या.

पाऱ्याचे ते विष लगेच दिसत नाही. कित्येक आठवडे काही होत नाही. नंतर ओठ व बोटे बधिर होतात, चालताना झोक जातो, नजर आजूबाजूने आखडत जाते. लोक दवाखान्यात येऊ लागले तेव्हा खाऊन पुष्कळ दिवस झाले होते. सरकारी नोंदीप्रमाणे ६,५३० माणसे रुग्णालयांत दाखल झाली आणि त्यांतील ४५९ दगावली. गरोदर आयांनी खाल्लेल्या भाकरीने पोटातील बाळांचे मेंदू जन्मभरासाठी अधू झाले.

बंधुभगिनींनो, या हकीकतीत वाईट हेतू कोणाचाच नव्हता. बी पिकासाठी आले होते, औषध रोगासाठी लावले होते आणि आईने भाकरी मुलांसाठी केली होती. चुकले ते इतकेच, की पोत्यावरचा इशारा वाचता येईल अशा भाषेत नव्हता आणि कोणी तो वाचूनही दाखवला नाही.

आता आपल्या सीमाभागाकडे पाहा. आपल्या घरी बियाण्याची पिशवी कधी हैदराबादेहून येते, कधी नांदेड-लातूरहून, कधी कलबुर्गीच्या बाजारातून. तिच्यावर इंग्रजी असते, कानडी असते, तेलुगू असते. घरातील वडीलधाऱ्यांना मराठी वाचता येते, किंवा तेही येत नाही. म्हणजे इराकातील त्या पोत्यासारखेच पोते आपल्या ओसरीवर उभे आहे.

पाऱ्याची औषधे आपल्याकडेही होती. जुन्या मंडळींना अ‍ॅग्रोसन, सेरेसन ही नावे आठवत असतील. भारतात ती टप्प्याटप्प्याने बंद झाली. शेवटी ऊस व बटाट्याच्या बेण्यापुरते उरलेले पाऱ्याचे औषधही २०१८ साली सरकारने बंद केले. आजची औषधे पाऱ्याइतकी भयंकर नाहीत. गंधक तर त्या मानाने सौम्यच. पण दुकानच्या रंगीत बियाण्याला बुरशीच्या औषधाबरोबर किडीचेही औषध लावलेले असू शकते, आणि कोणत्या दाण्यावर काय आहे हे स्वयंपाकघरात कोणी सांगू शकत नाही. म्हणून नियम एकच ठेवावा: दाण्याला औषध लागले की तो दाणा धान्य राहिला नाही. तो धुऊन, भाजून, शिजवून किंवा वर्षभर ठेवूनही पुन्हा धान्य होत नाही. १९६८ च्या बियाणे नियमांनुसारही औषध लावलेल्या हानिकारक बियाण्याच्या पिशवीवर 'खाण्यासाठी, जनावरांसाठी किंवा तेलासाठी वापरू नये' असा इशारा लिहिणे बंधनकारक आहे.

घरात व शेतात काय काळजी घ्यावी?

लागेल तेवढ्याच बियाण्याला औषध लावावे. एकर मोजावे, किलो काढावे आणि तेवढेच. उरलेच नाही तर प्रश्नच उरत नाही. हा सर्वांत सोपा उपाय आहे.

तरीही काही उरले तर ते उतरंडीत, कणगीत किंवा पेवात ठेवू नये. वेगळ्या डब्यात, कुलपात, मुलांच्या हाताबाहेर ठेवावे व डब्याला लाल चिंधी बांधावी. रंगीत दाणे लहान मुलांना गोळ्यांसारखे वाटतात. पुढे पेरणीच्या उपयोगाचे नसेल तर विहीर व ओढ्यापासून दूर खोल खड्ड्यात पुरावे. अडतीवर नेऊन चांगल्या धान्यात मिसळणे हे तर पाप आहे. ती भाकरी कोणाच्या ताटात जाईल, ते आपल्याला दिसणारही नाही.

नवी पिशवी घरी आली की शाळेत जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला ती सर्वांसमोर मोठ्याने वाचायला सांगावी. आपल्या मुलांना कानडी व इंग्रजी येते. त्या विद्येचा असा उपयोग घरात व्हावा. रिकामी पिशवी धुऊन डाळ-पीठ भरायला वापरू नये.

चाड्यावर मूठ धरून बी सोडायचे काम आपल्याकडे बहुधा बायाच करतात. तासन्‌तास औषधाचे दाणे त्यांच्या मुठीत असतात. त्यांनी हातमोजे घालावेत. ते नसतील तर प्लॅस्टिकची पिशवी हाताला बांधावी. शिदोरी सोडण्यापूर्वी, पान-तंबाखू खाण्यापूर्वी आणि तान्ह्या बाळाला घेण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. शक्यतो गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बाईला हे काम देऊ नये.

पुरुषांसाठीही एक गोष्ट सांगतो. थायरम नावाचे बुरशीचे औषध बियाण्यासाठी पुष्कळ वर्षे वापरात आहे. दारू सोडवण्यासाठी डॉक्टर ज्या गोळ्या देतात, त्यांचे ते जवळचे भावंड आहे. थायरम हाताळून संध्याकाळी दारू घेतली तर चेहरा लालबुंद होतो, छातीत धडधडते, उलट्या होतात, चक्कर येते. दारू तशीही घराचा नाश करते. पण निदान बियाण्याच्या दिवसांत तरी तिच्यापासून दूर राहा.

पेरताना धुऱ्यावर, वळणावर सांडलेले दाणे मातीने झाकावेत. मोर, चितूर, होले ते टिपतात. स्वीडन देशात पाऱ्याचे बी खाऊन रानपाखरे मरू लागली, तेव्हा १९६६ साली तेथे अशा औषधांवर बंदी आली. मेलेले पाखरू हा आपल्यालाही इशाराच असतो.

चुकून कोणी असे दाणे खाल्ले, तर घरगुती उपाय करत बसू नये. मीठपाणी पाजून बळेच उलटी करवू नये. १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या वाहनाने सरकारी दवाखान्यात न्यावे आणि औषधाची किंवा बियाण्याची पिशवी बरोबर न्यावी. ती पाहिली की डॉक्टरांना उपचार लवकर ठरवता येतात. त्रास दिसत नाही म्हणून थांबू नये. इराकात त्रास दिसेपर्यंत वेळ निघून गेली होती.

थोडक्यात

दाणे काणी बियाण्याबरोबर शेतात जाते. म्हणून किलोला ४ ग्रॅम गंधक, पेरणीपूर्वी. काणीचे कणीस फुटण्यापूर्वी कापून जाळा. गव्हाला व बाजरीला त्यांचे औषध विचारून लावा. एकरापुरतेच बी तयार करा. आणि औषध लागलेला दाणा पुन्हा कधीही जात्यात घालू नका.

त्या आजीबाईंच्या मडक्यातील गुलाबी ज्वारी त्यांच्या नातवाने आमच्यासमोर डब्यात भरली, वर लाल चिंधी बांधली आणि माळ्यावर कुलूप लावून ठेवली. आजीबाई थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पुढल्या सालापासून आधी एकर मोजू, मगच औषध काढू." या हंगामात आपल्या प्रत्येक घरी असेच व्हावे, एवढीच आमची इच्छा आहे.